शिडीपाशी

चांगुणाने लोखंडी शिडीचा दांडा धरला, पाऊल उचललं, आणि गुडघ्यातून जीव गेल्यासारखी ती तिथंच दगडावर बसली. कळसूबाईचं शिखर अगदी डोक्यावर आलं होतं.

"आक्का, बसलात ना?" मागून धाकटी जाऊ सुरेखा म्हणाली. "आना ती ओटी हिकडं. माज्या हातची देवी काय नगं म्हननार न्हाई."

चांगुणाने गाठोडं छातीशी धरलं. नवरात्रात घरची ओटी वर न्यायचा मान तिचा. पण गुडघ्याच्या दुखण्यानंतर सासूबाईंनी बजावलं होतं, यंदा अर्ध्यातून फिरलीस तर मान सुरेखाचा. वाटेत भांडण नको म्हणून तिने पहाटे दिवा लावून दर्शनापर्यंत मौन धरलं. सुरेखाची जीभ मात्र पायथ्यापासून चालू होती. चांगुणाच्या चालीवर, धापेवर, नव्या लुगड्यावर. प्रत्येक वेळी चांगुणाच्या ओठाशी उत्तर यायचं आणि ती दात आवळून ते गिळायची.

सोबत आलेली शेजारीण राहीबाई तिच्याकडे बघत होती.

"बये, जबडा किती आवळलाय! मौन देवीसाठी धरलंस का जावंसाठी?"

चांगुणाने डोळे मिटले. शिखराकडे तोंड करून हात जोडले, दोन्ही कान धरले. मग ती वळली.

"सुरेखा, गिरनी तरी मधी बंद पडती गं! लुगडं माज्या भावानं घेतलंय. धाप माजी मला लागती. अन् ओटी मीच भरनार!"

राहीबाई खो खो हसली. शिडीवरच्या बायकाही हसल्या. चांगुणालाही हसू आवरेना. किती वेळाने श्वास पोटापर्यंत गेला. ती उठली. गुडघा दुखत होता, पण पाय उचलत होता.

अर्ध्या शिडीवर तिच्या ध्यानात आलं, मागे सगळं गप्प आहे. खाली सुरेखा पहिल्या पायरीवर दांड्याला मिठी मारून उभी होती. डोळे गच्च मिटलेले.

चांगुणा थोडी थांबली. मग चढलेल्या पायऱ्या उतरून आली.

"डोळं उघड. माज्या टाचंकडं बघ अन् बोलत ऱ्हा."

"काय बोलू, आक्का?"

"काई बी. मला नावं ठिव, पर थांबू नगंस."

चांगुणा पुन्हा चढू लागली, मागोमाग सुरेखा. वारा सुटला होता. खालून कापरा आवाज आला,

"तुमी... तुमी कालवनात मीठ लई घालता."

"व्हय. पुढं?"

शिडी संपली तेव्हा सुरेखा नावं ठेवत ठेवत सासूबाईंच्या खोड्यांपर्यंत पोचली होती, आणि चांगुणा ओटीच्या गाठोड्याची गाठ सोडत होती.