पहिल्या गिअरची ओढ

सत्त्याण्णवच्या माघात आमच्या नव्या ट्रॅक्टरला महिनाच झाला होता. आधीचा पंचवीस हॉर्सपावरचा, दोन सिलिंडरचा, हा पन्नासचा. गोदाकाठच्या मळ्यातून घनसावंगीच्या रस्त्याला लागायचं तर मधे नाल्याचा खडा चढ आहे. जुना ट्रॅक्टर तिथं निम्मीच ट्रॉली न्यायचा. या खेपेला मी ट्रॉली उसानं शिगोशीग भरली. माझी बायको बेबीनंदा शेजारी मडगार्डवर बसली होती.

मी दुसऱ्या गिअरमधे होतो. अर्ध्या चढावर इंजिन दबलं, काळा धूर ओकलं आणि गिअर बदलायच्या आत बंद पडलं.

दोन्ही ब्रेकांवर उभा राहिलो. तरी ट्रॉली बोटभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. वळून पाहिलं तर चार हातांवर सवारीची जीप, तिच्यामागं उसाच्या दोन बैलगाड्या. जीपला हलायला जागा नव्हती. बाया लेकरांना ओढत खाली उतरत होत्या.

"नंदे, उतर. चाकाला दगड लाव."

ती उतरली. दगड लागल्याचा धक्का बसला. मी इंजिन चालू केलं, सगळ्यात हळू पण जड ओढणारा पहिला लो गिअर टाकला, जुन्याला द्यायचो तशी भरपूर रेस दिली आणि क्लच सोडला.

पुढची चाकं उचलली. बॉनेट वर आलं, रस्ता दिसेना, नुसतं आभाळ. पाय आपोआप क्लचवर पडला आणि ट्रॅक्टर धाडकन खाली आदळला. ट्रॉली दगडावर करकरली.

जीपमधून भुजंग मिस्त्री आले. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जुन्याला असाच झटका देत व्हतास ना? त्याच्यात तेवढा दमच न्हवता, म्हणून खपलं. ह्याचं इंजिन मोठं, दर फेऱ्याला जास्त जोर लावतंय. त्यात पहिला लो म्हंजे इंजिनाचे दोनशे फेरे, तवा चाकाचा एक. एवढी ओढ एकदम आली आन् ट्रॉली हलली न्हाई, तर ट्रॅक्टरच मागं उलथतो. खाली तू."

"मंग दुसऱ्यात घेऊ?"

"दुसऱ्यात जोर पुरला न्हाई, आत्ताच पाह्यलं. घोडे पन्नासच हायेत. त्यायनं जल्दी पळायचं का जड ओढायचं, ते गिअर ठरवतो. पहिलाच घे. रेस कमी, अन् क्लच कणाकणानं सोड."

"ऊस उतरवला तर?"

"ट्रॉलीवर माणूस चढला तर दगड दम धरंल का, सांगता येत न्हाई."

मागून बेबीनंदा म्हणाली, "तुम्ही चला. मी दगड सरकवत येते."

"तू बाजूला हो."

"मंग चाकाला कोण लावंल?"

मिस्त्री दुसऱ्या चाकाशी दगड घेऊन उभे राहिले. मी क्लच सोडू लागलो. पाय एकदम सुटू नये म्हणून गुडघा हातानं दाबून धरला. पुढची चाकं वीतभर उचलली. मी तिथंच पाय थांबवला. ती हळूच टेकली आणि ट्रॉली हलली. माणसाच्या चालीहून हळू. दर हाताला मागून दगडाचा आवाज यायचा. तो ऐकू आला की ती जिवंत आहे एवढंच कळायचं. एकदा आला नाही. मला मागं पाहायची हिंमत झाली नाही. मंग आला.

सपाटीला लागल्यावर इंजिन बंद केलं आणि पळत मागं गेलो. बेबीनंदा दगड पोटाशी धरून उभी होती.

"ठेव खाली."

"ठेवते," ती म्हणाली, पण बोटं सुटेनात. मी एकेक करून सोडवली. मिस्त्री रस्त्याच्या कडेला बसले होते, त्यांच्या हातात बिडी होती, काडी पेटत नव्हती.

त्या हंगामात मी पुन्हा निम्मीच ट्रॉली भरली. पुढची चाकं उचलू नयेत म्हणून ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी वजनं बसवल्यावरसुद्धा.