सोडतीतलं शेवटचं ताट

ऑस्ट्रेलियात, गिप्सलंडमधल्या आमच्या बोलिंग क्लबात दर शुक्रवारी कच्च्या मटणाच्या ताटाची सोडत असते. चिठ्ठी काढायचा मान बाबाचा, म्हणून त्याला स्वतः तिकीट घेता यायचं नाही. त्या शुक्रवारी त्यानं चिठ्ठ्यांचा डबा आयव्हरकडे, म्हणजे त्याच्या जुन्या दोस्ताकडे दिला आणि जन्मात पहिल्यांदा तिकीट घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मरणार होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. इच्छामरणाच्या कायद्यानं मिळणारं औषध त्यानं मागून घेतलं होतं आणि त्याची कुलूपबंद पेटी फ्रिजवर होती. शनिवारच का, तर शुक्रवारची सोडत चुकायला नको!

मला फक्त रविवार हवा होता, आणखी एकच दिवस. आठवडाभर तेवढंच मागत होते.

आयव्हरनं नंबर वाचला. बाबाचा.

"लबाडी!" बारपाशी कुणीतरी ओरडलं. "आयव्हर, किती खाल्लेस?"

"उद्या जाणाऱ्याला दोन किलो चॉप्स!" दुसरा म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सगळ्यात आधी बाबाच हसला, पोट धरून.

गाडीत मी संधी साधली. "बाबा, एवढं संपायला रविवार तरी उजाडेल."

"रोझलिन, तू वकीलच व्हायचीस. पण रविवारी मी ओकत पडलेला असेन. उद्या अंगणात स्वतःच्या पायांवर उभा राहीन. सगळ्यांना सकाळीच बोलाव."

सकाळी अर्धा क्लब अंगणात. बार्बेक्यूपाशी आमच्याकडे एकच नियम: चिमटा ज्याच्या हातात, मटण त्याचं, बाकीच्यांनी बिअर धरून सल्ले द्यायचे. बाबानं चिमटा आईलासुद्धा कधी दिला नव्हता. त्या दिवशी एक चॉप उलटवून तो खुर्चीत टेकला आणि चिमटा माझ्यापुढे धरला.

लगेच सुरू झाला, "आत्ताच उलटवू नकोस गं!"

"चिमटा कुणाकडे आहे, बाबा?"

"बघ आयव्हर, माझ्या शेवटच्या जेवणाचा कोळसा करतेय."

"पोरगी कुणाची?" आयव्हर म्हणाला.

बाबानं एक घास खाल्ला, बोटं चाटली. औषधाच्या वेळी सोबतीला आलेल्या नर्स टॅम्सिननं दोन चॉप्स संपवले. बाबानं मधूनच माझ्याकडे पाहिलं, मी रविवारचं काढते का म्हणून. मी काढलं नाही. त्यानं मान मागे टेकवली आणि ऊन खात बसला.

दुपारी तो उठला. "चला. करपलं होतं, पण चव होती."

आयव्हरनं चिमट्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. एका हातात चिमटा, दुसऱ्यात बाबाचा दंड, असे आम्ही आत गेलो.