एकशे बारावं पान

आमच्या कैरोत कादंबरी काढायची तर आधी छाती लागते, शाई मागाहून. छापखान्याचे हाज बय्यूमी यांनी राव्याची कादंबरी छापली आणि बांधणीला मात्र साफ नकार दिला.

"धर्ममंडळाच्या शेखसाहेबांची सही आणा, इन्शिराहबाई. या वयात कोर्टाच्या पायऱ्या नकोत मला."

प्रकाशक म्हणून नाव माझं, आणि चालणार शेखसाहेबांचं! मी चडफडत छापील पानं त्यांच्याकडे धाडली आणि पंधरा दिवसांनी बोलावणं येताच राव्याला घेऊन निघाले. ती शाळेत शिकवते. सहा वर्षं खपून तिने ही पहिली कादंबरी लिहिली. धास्ती होती ती एकशे बाराव्या पानाची. तिथे आई गेलेली मुलगी अल्लाशी कडाकडा भांडते. राव्याने बजावलं होतं, "ते पान गेलं तर पुस्तकच नको मला."

शेख अब्दुल मुअतींच्या टेबलावरच्या प्रतीत लाल चिठ्ठ्याच चिठ्ठ्या होत्या.

"पान चाळीस," शेखसाहेब गरजले. "तुमची नायिका मुलुखियाच्या पालेभाजीला लसणाची फोडणी देते, आणि श्वास ओढून 'हाऽऽ' करत नाही? कुठली बाई ही? त्याशिवाय चव येते का भाजीला?"

राव्या गोरीमोरी झाली. "राहून गेलं, शेखसाहेब."

"राहतं कसं? घरी मुलुखिया कोण करतं?"

"आई करायची."

त्यांनी पुढची पानं उलटली. "पान एकसष्ट. ऑगस्टातल्या भर दुपारी गच्चीवर चुंबन! अहो, तळपाय भाजतील पोरांचे. संध्याकाळ करा."

सगळ्या चिठ्ठ्या अशाच. एकशे बाराव्या पानावर तर एकही नव्हती. गप्प बसायचं होतं, पण माझी जीभ कुठली ऐकते!

"आणि एकशे बारा?"

राव्याने मला करकचून चिमटा काढला. शेखसाहेबांनी चष्मा उतरवला.

"तीनदा वाचलं ते. बायको गेली त्या दिवशी दार लावून मी हेच बोललो होतो. याहून वाईट बोललो." त्यांनी पेन उचललं. "त्याने माझं ऐकून घेतलं, बाई. मग हिला अडवणारा मी कोण?"

सही झाली. राव्या भर कचेरीत रडली. मीही रडले, लपवू कशाला?