बदरुन्निसाच्या बांगड्या

"आई, उद्या हळदीकुंकवाला समोरच्या बदरुन्निसाला नको बोलावूस," राजन जेवता जेवता म्हणाला. "माझा इथला आखातातला व्हिसा रिन्यूअलला आहे. उगाच कुणाच्या नजरेत यायचं कशाला?"

प्रमिलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुझंही हेच?"

अस्मिता चाचरली. "शेजारच्या सुनेत्राताई म्हणतात, तिचा नवरा आता कसला जिवंत असतोय! तिनं बांगड्यापण काढल्यात. मग सवाष्णींत कशी बसवायची?"

बदरुन्निसा रत्नागिरीकडची. नवरा हमदुल्ला गाड्यांचे जुने पार्ट विकायला काबूलकडे गेला आणि तिथं परक्या फौजेनं त्याला अतिरेकी म्हणून उचलला. वर्ष होत आलं. लष्करी तुरुंगात आहे म्हणतात. खटला नाही, भेट नाही, साधा फोन नाही.

प्रमिलाबाई उष्ट्या हातानंच उठल्या, हात धुतला आणि समोरचं दार वाजवलं.

"कुणी सांगितलं तो गेला म्हणून?"

"दीर म्हणतात, मावशी. विधवेसारखी इद्दतीला बस, चार महिने घराबाहेर पडू नकोस, गावाला चल."

"दिरानं मयत पाहिलं?"

"नाही."

"मग त्याला काय घाई झालीय? माझे हे या हातांवर गेले, तेव्हा मी बांगड्या उतरवल्या. कुणाच्या सांगण्यावरून नाही. घाल त्या. आणि उद्या ये."

दुसऱ्या दिवशी अल मनखूल वस्तीतल्या प्रमिलाबाईंच्या दोन खोल्या बायकांनी भरल्या होत्या. बदरुन्निसा दारात आली, हात हिरव्या काचेनं भरलेले, गळ्यात काळे मणी. सुनेत्रा सरकून बसली, पण जागा करायला नव्हे.

"हिच्या मिस्टरांचं काही कळलं का?" तिनं मुद्दाम विचारलं.

"कळलं ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ज्यांनी धरलाय तेसुद्धा मेला म्हणत नाहीत. तू त्यांच्यापेक्षा वरची का गं?"

अस्मिताच्या हातातलं तबक हलेना. प्रमिलाबाई विधवा म्हणून या दिवशी स्वयंपाकघरात बसायच्या. आज त्यांनी तबक सुनेच्या हातून काढून घेतलं.

"ज्यांना चालत नसेल त्यांच्यासाठी दार उघडं आहे. खलास!"

कुणी उठलं नाही. बदरुन्निसा कुंकू लावत नसे, म्हणून प्रमिलाबाईंनी तिच्या केसांत गजरा माळला, मनगटाला अत्तर लावलं, हातावर तिळाचा लाडू ठेवला.

बदरुन्निसानं हात मागे घेतला नाही. "मावशी, यांच्या वाटचाही द्या. आले की खातील."

"आल्यावर ताजे करीन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हा तू खा. माझ्यासमोर."