बाबांना नमणारी घेवड्याची वेल

त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकीपाशी खुर्चीत वेलीबाबा नावाचे एक महाराज, त्यांच्यापुढे कुंडीत वीतभर घेवड्याची वेल, आणि वेल चक्क बाबांकडे वाकलेली! "सोमवारी सरळ होती हो, या डोळ्यांनी पाहिली," तिसऱ्या मजल्यावरचे व्यायामवाले मास्तर शपथेवर सांगत होते. मी नळ दुरुस्त करणारा माणूस. छत गळायला लागलं की वरच्या मजल्यावर जाऊन बघतो, दैवी कोप म्हणत नाही. पण माझं ऐकतो कोण!

वसंत सुरू झाला होता. फुलवेली कुठे लावायच्या, भाज्या कधी पेरायच्या, सगळं बाबा ठरवत. मुहूर्त म्हणजे त्यांची शिंक. "आऽक्छी!" झालं की माणसं बियांच्या पुड्या घेऊन जिन्यावरून धावत सुटत. बाबांना मिनिटाला दोन शिंका येत, त्यामुळे कुणाला दम खायला फुरसत नव्हती. जागा मात्र एकच, पाण्याच्या टाकीमागची, जिथे भर दुपारीही सावली हटत नाही.

"उन्हातली भिंत कोपली आहे," बाबा गरजले. "तिच्यावरचं सगळं उपटा. रविवारी, दहाच्या आत!"

त्या भिंतीवर माझ्या आत्याची निळ्या फुलांची वेल होती. आतोबांनी जाण्याच्या आदल्या वर्षी लावलेली. आत्याचे डोळे भरून आले, तरी म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांच्या भाज्यांना दोष नको." मला असा संताप आला! तिच्याशी भांडून थकलो आणि तळमजल्यावरच्या शिवणकाकूंकडे गेलो.

"अरे, तीस वर्षं खिडकीशी बसून शिवतेय मी," काकू म्हणाल्या. "पडदा कुठून विटतो, रोप कुठे वळतं, सगळं पाठ आहे. रविवारपर्यंत थांब."

शुक्रवारी त्या हात जोडून बाबांपुढे उभ्या. "बाबा, दोन दिवस खिडकीपासून लांब, त्या कोपऱ्यातल्या कपाटापाशी बसा ना. भक्ती खरी असेल तर वेल वळेलच तुमच्याकडे." सगळे "वा!" म्हणाले. आता बाबा नाही कसे म्हणणार?

रविवारी साडेनऊला आम्ही सभागृहात. बाबा कपाटापाशी सतरंजीवर, आणि वेल अजून खिडकीकडेच वाकलेली. रिकाम्या खुर्चीत इमारतीचं मांजर मुटकुळं करून झोपलं होतं. वेल त्याला मनोभावे नमस्कार घालत होती.

"मांजर साधं नाही हे!" मास्तर पुटपुटले. कुणीतरी दूध आणायला निघालंसुद्धा. हसून हसून माझं पोट दुखलं.

"थांबा," म्हणत काकूंनी दोऱ्याच्या रिळांचा खोका पुढे ठेवला. बाजूला एकच भोक, त्यातून घेवड्याचा कोंब डोकावत होता. त्यांनी झाकण उघडलं. "याला ना बाबा दिसले, ना मांजर. उजेड तेवढा भोकातून आला. रोपाची सावलीकडची बाजू जास्त वाढते, म्हणून ते उजेडाकडे वाकतं. बाबा खुर्ची टाकून उजेडाच्या वाटेत बसले होते, बाकी काही नाही."

"आणि शिंका?" मास्तरांनी विचारलं.

"फुलांचे पराग नाकात जातात. डॉक्टरांना दाखवा म्हणावं."

बाबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि शिंकले. सवयीनं दोघं-तिघं धावली, दारातूनच खो खो हसत परत आली. मला मात्र एकदम आत्या आठवली. पावणेदहा झाले होते!

तीन-तीन पायऱ्या गाळत मी खाली पळालो. आत्या भिंतीपाशी वेलीच्या बुंध्याला कात्री लावून उभी. "आत्या, थांब!" म्हणत तिचा हात धरला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"लावताना मी ह्यांना विचारलं होतं, इथेच का?" ती रडत रडत हसली. "म्हणाले, इथे ऊन येतं. एवढं साधं सांगितलं होतं रे, आणि मी शिंका मोजत बसले!"

मंडळी, माती हाताला कोमट लागली की पेरा. ऊन कुठे पडतं ते दिवसातून तीनदा स्वतः उभं राहून बघा. आणि कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, तर एवढंच विचारा, "तुम्हाला हे कसं कळलं?" आत्यानं हे आधी विचारलं असतं, तर तिला कात्री हातात घ्यावी लागली नसती.