दंडाचा घेर

“हात सैल सोड. परेड नाही चाललेली.”

दुकानातल्या आरशासमोर बाबा माझं माप घेत होते. नव्या नोकरीसाठी त्यांना मला कोट शिवायचा होता. दंडाभोवती टेप आली तसे ते थांबले. वहीतलं जुनं माप पाहिलं, पुन्हा मोजलं.

“कंबर उतरली, छान. दंड एवढा कसा सुकला?”

“जिने चढते ना रोज.”

“हातांवर?”

मी हसले. ते हसले नाहीत.

“आणि सकाळी बेसिनपाशी ओकतेस, तोही व्यायामच?”

मी त्यांची वही मिटून बाजूला ठेवली.

“माझं मधुमेहाच्या इंजेक्शनचं पेन हल्ली आठ दिवस आधीच संपतं. मी आपला कंपनीला शिव्या घालतोय, मापात मारते म्हणून. चोर घरातच निघाला. आणि तोही धड जेवत नाही.”

“सुई दर वेळी नवी घेत होते,” मी पुटपुटले.

त्यांनी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं. याआधी हे फक्त माझ्या जन्माच्या दिवशी घडलं होतं, असं आई सांगते.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “डॉक्टर, मीच दिलं तिला. म्हटलं, त्यानं माझं वजन उतरलं, तर हिचंही उतरेल.”

डॉक्टरबाई दहा मिनिटं त्यांच्यावर बरसल्या. सुई बदलली तरी एकाच्या पेनमधून दुसऱ्याला आजार लागू शकतो. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं. पोटात जोराचं दुखलं आणि थांबलं नाही, तर तडक दवाखाना गाठायचा. चरबीबरोबर मांसही झडतं. “काका, या वयात तुम्हाला हे सांगावं लागतं?”

बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “खोटं का बोललात?”

“तो ओरडा तुला फार ढगळ झाला असता.”

दोघांच्याही तपासण्या ठीक आल्या. कोट अंगाला चपखल बसला. पुढच्या वर्षी बाबा गेले, हृदय थांबलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं खाणं आणि व्यायाम मी चुकवला नाही. गेल्या आठवड्यात कोट घातला, तर कंबर तशीच होती, बाही मात्र दंडाला आवळत होती. मी दुकान उघडलं आणि बाही उसवली. आत बोटभर कापड दुमडलेलं होतं. त्यावर निळ्या खडूची रेघ होती, वहीतल्या जुन्या मापाची.

मी मशीनमध्ये दोरा ओवला आणि त्या रेघेवरून शिवण घातली.