जास्तीची बरगडी

मुंजाजीपासून बैलाची खोड लपवून दाखवणारा माणूस राणीसावरगावच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचा होता. तो बैलांचा दलाल. पाठीवरून एकदा हात फिरवला की जनावर कुठं दुखावलंय, कधी दुखावलंय, मालकानं त्यावर काय लेप लावून आणलंय, सगळं त्याला कळायचं. विकणाऱ्यानं खोड लपवली आणि पुढं ती उघडी पडली, तर जनावर माघारी आणि चारचौघांत तोंड काळं, हा बाजाराचा कायदा त्याच्या हाडीमाशी भिनला होता. तो त्यानं बैलांपुरता ठेवला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

बायको लवकर गेली. मागं राहिलेली एकुलती एक लेक सुला त्यानं वाढवली आणि तीन वर्षांपूर्वी झरीच्या रंगनाथला दिली. घर खाऊनपिऊन सुखी, जावई मुका म्हणावा इतका गरीब, आणि सासू केशरबाई तोंडानं फटकळ. एवढं तर चालायचंच.

त्या साली नागपंचमीला सुला माहेरी आली आणि पहिल्याच दिवशी वरणाचं भगुणं तिच्या हातून निसटलं. मुंजाजी ओरडणार, तेवढ्यात त्यानं बघितलं की पोरीचं लक्ष सांडलेल्या वरणाकडं नव्हतंच. उजवा हात डाव्या हातात धरून ती भिंतीला टेकली होती आणि ओठ दाताखाली दाबून धरला होता.

"काय झालं गं?"

"हात झोपतोय, दादा. खांद्यापासून करंगळीपोतर नुसती आग होती. डोक्यावर घागर घेतली की हात माझा ऱ्हातच न्हाई."

"सासूला सांगितलंस का?"

"सांगितलं की. आत्याबाई म्हनल्या, कामाच्या वक्ताला बरा दुखतोय. गल्लीतल्या बाया बी हसायल्यात मला. ढोंगी म्हनत्यात."

मुंजाजीनं तेल चोळलं, विटेनं शेकलं, एका जाणत्याकडून गळ्यात गंडा बांधून आणला. गुण येईना. शेवटी त्यानं परभणी गाठायचं ठरवलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदामुळं दोन दिवस एसटी सुटलीच नाही. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली आणि बापलेक हाडांच्या डॉक्टरांपुढं जाऊन बसले.

डॉक्टरांनी हात वर करायला लावला, खाली ओढला, नाडी धरली, गळ्याच्या हाडाच्या वर बोटांनी चाचपलं आणि मानेचा एक्स-रे लिहून दिला. मुंजाजीला ते काही पटेना.

"डॉक्टरसाहेब, दुखतोय हात आन् फोटो मानेचा?"

मुंजाजीनं आपला धंदा डॉक्टरांना आधीच ऐकवला होता, तो सगळ्यांनाच ऐकवायचा. डॉक्टर हसून म्हणाले, "बैल लंगडायला लागला तर तुम्ही नुसता खूरच बघता का?"

सुलानं गंडा आणि मंगळसूत्र बापाच्या मुठीत दिलं आणि ती आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली.

तासाभरानं डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली. काळ्यावर पांढरी हाडं दिसत होती. आपल्या लेकीच्या आतलं असं काही बघणं मुंजाजीला कसंसंच वाटलं. डॉक्टरांनी पेन्सिल टेकवली.

"ही बघा पहिली बरगडी. दोन्हीकडं आहे, सगळ्यांनाच असते. आता तिच्या वर बघा. उजवीकडं हे आणखी एक छोटं हाड आहे. जास्तीची बरगडी. हाताला जाणाऱ्या शिरा तिच्यावर ताणल्या जातात. डोक्यावर ओझं घेतलं, खांदा दबला, की दुखतं आणि हात मुका होतो."

"म्हंजे मी ढोंग न्हाई करायले?" सुला म्हणाली.

"ढोंग कसलं? हे इथं दिसतंय की."

सुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रडता रडताच तिला हसूही आलं. दुखणं होतं तिथंच होतं, पण इतके दिवस ते तिचं एकटीचं होतं. आता ते भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं होतं.

डॉक्टर सांगत राहिले. डोक्यावर ओझं अजिबात नको. खांद्याचे व्यायाम रोज करायचे. बहुतेकांना एवढ्यानं आराम पडतो, नाहीच पडला तर औरंगाबादला ऑपरेशन होतं. "पण दुर्लक्ष केलंत तर अंगठ्याच्या बुडाचं मांस झडायला लागेल, आणि झडलेलं मांस सहसा परत येत नाही."

मुंजाजीनं एवढंच विचारलं, "ह्ये हाड कव्हापासून हाय?"

"जन्मापासून."

हा एक शब्द बाकीचं सगळं गिळून बसला. जन्मापासून! म्हणजे खोड उपजत, आणि माल आपल्या दावणीचा. उद्या झरीच्या पाराजवळ चार माणसं बसतील आणि म्हणतील, जगाच्या बैलांच्या खोडी काढणाऱ्यानं आपल्या पोरीची खोड झाकून गळ्यात मारली. मग पोरगी माघारी. आईविना वाढवलेल्या लेकीचं गाठोडं उंबऱ्यात येऊन पडलेलं त्याला लख्ख दिसलं. हा सगळा बाजार त्याच्या एकट्याच्या डोक्यात भरला होता, पण भीती खरी होती.

एसटीत सुला म्हणाली, "फोटू मी झरीला नेते. आत्याबाईला दावते."

"न्हाई. शिरा आखडल्यात म्हनून सांग."

"मंग घागर?"

"जमंल तशी टाळ. खोड हाय म्हनून कळलं तर नांदवतेल का तुला?"

सुलानं फिल्म बापाच्या हातात दिली. बाप सांगतो ते खरंच असतं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं होतं. फिल्म माळ्यावर, जुन्या झुलीखाली गेली.

दिवाळीला सुला पुन्हा आली. या खेपेला तिच्या हातून काही सांडलं नाही, कारण उजव्या हातानं ती काही धरतच नव्हती. डाव्या हातानं वाढत होती. मुंजाजीनं तिचा उजवा पंजा ओढून दिव्याजवळ धरला. अंगठ्याखालचा उंचवटा बसला होता. तिथं खळगा पडला होता.

"घागरी चालूच हायत का?"

"शिरा आखडल्यात म्हनून कोन घागर सोडू देतंय, दादा?" तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, आणि तेच मुंजाजीला सोसवेना. परक्याच्या बैलाचा खांदा जरा उतरला तरी आपल्याला दुरून दिसतो, आणि हे आपणच केलंय. त्याला पोरीच्या तोंडाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो फिल्म घेऊन निघाला आणि दुपारी झरीला पोचला. केशरबाई अंगणात तूर निवडत होती, रंगनाथ बाजूला दोर वळत होता. मुंजाजी पाणीसुद्धा प्याला नाही. फिल्म उन्हाकडं धरून त्यानं बोट ठेवलं.

"इहीणबाई, ह्ये माझ्या पोरीचं हाड जास्तीचं हाय. जन्माचं हाय. त्यानंच हात दुखतोय. तिनं ओझं उचललं तर हात जातोय. मला पंचमीपासून ठाव होतं. मी झाकलं. आता तुमी काय म्हनाल ते खाली मान घालून ऐकतो."

रंगनाथच्या हातातला दोर थांबला. केशरबाई सूप बाजूला सारून उठली.

"पंचमीपासून?"

"व्हय."

"आन् मी रोज त्या पोरीच्या डोक्यावर घागर देऊ लागले! ह्या हातानं! लोकांत तिला आळशी म्हनले, ढोंगी म्हनले. आन् तुमी ह्यो फोटू घेऊन घरात बसलात?"

"वाटलं, खोड म्हनून माघारी धाडताल."

"काय जनावर घेतलं व्हतं का आमी तुमच्याकडून?" केशरबाईचा आवाज फुटला. "माझं तोंड वाईट हाय, पाव्हणं. काळीज न्हाई. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तिला हांडा शिवू दिला नसता. माझ्या हातून पाप करून घेतलंत तुमी."

मुंजाजी शिव्यांची तयारी करून आला होता. याची नव्हती.

रंगनाथ कधी नव्हे ते बोलला. "आय, पानी मी आनतो सायकलीवर. तू सुलाकडं जा."

केशरबाई निवडलेली तूर तशीच टाकून मुंजाजीबरोबर निघाली. गाडीत सगळा वेळ फिल्म तिच्या मांडीवर होती.

राणीसावरगावला दिवे लागायच्या सुमाराला ती दारात उभी राहिली. सुला दचकून उठली, पदर सावरला. मग तिला सासूच्या हातातली काळी फिल्म दिसली. ती घाईघाईनं पुढं आली.

"आत्याबाई, उजेडाकडं धरून बगा. वरचं बारकं हाड दिसतंय का? मी ढोंग करत नव्हते, आत्याबाई. खरंच दुखत व्हतं."

केशरबाईनं फिल्मकडं पाहिलंच नाही. ती खाली बसली, सुलाचा वाळलेला पंजा मांडीवर घेऊन अंगठ्याखालच्या खळग्यावरून बोट फिरवत राहिली आणि तिला रडू आवरेना.

"उद्या औरंगाबादला आपरेशनचं इचारायला मी येते तुझ्यासंगं," ती म्हणाली.

उंबऱ्याबाहेर मुंजाजी चपला न काढता उभा होता. पोरीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि नजर परत सासूकडं वळवली. आत ये म्हणून त्याला कुणी म्हणालं नाही, आणि त्याच्याच घरात पाऊल टाकायचं त्याला धैर्य झालं नाही.